चोळीची गाठ

नाना, तुमच्या वाइंडिंगच्या वहीत मागची चार पानं कोरी राहिली होती, तिथंच लिहिते. पुढच्या पानांवर तुमच्या हातचं आहे, कोणत्या मोटारीला किती खाचा, कुठली तार, किती वेढे. अक्षर असं की शाईत पडलेली मुंगी चालत गेली. माझं शिक्षण चौथी, माझं अक्षर त्याहून वाईट. तेव्हा जोडी शोभते.

पिंपळनेरहून लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हा घरात भांड्यांपेक्षा मोटारी जास्त. विहिरींवरच्या जळक्या मोटारी पुढच्या खोलीत रांगेनं, वार्निशचा वास भाकरीलाही यायचा. तुमच्या मुलाला या कामाची गोडी नव्हती, गोडी चौकातल्या गप्पांची. म्हणून तुम्ही मला फर्म्यासमोर, कॉइल गुंडाळायच्या साच्यासमोर, बसवलंत. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्या हाताच्या चिमटीत जुन्या धोतराची चिंधी, आणि तांब्याची तार त्या चिंधीतून जाऊ द्यायची. पहिल्या दिवशी मी विहिरीतून बादली ओढावी तशी तार ओढली. तुम्ही बोटांवर टिचकी मारलीत. म्हणालात, "वढू नको, तिले येऊ दे. ताणी ते बारीक व्हस, सोडी ते फुगस." बारीक झालेली तार मोटारीत तापते. सैल कॉइल खाचेत बसत नाही, ठोकून बसवली की तारेवरचा मुलामा सोलतो आणि मोटार जळते. हे डोक्याला एका दिवसात कळलं, चिमटीला कळायला कपाशीचे दोन हंगाम गेले. तरी विहिरीची मोटार तुम्ही मला कधी दिली नाहीत, ती तुमच्या स्टुलावर बसून तुम्हीच भरायचात. मला पंखे. पंख्यावर पंखे.

मग साखरेनं तुमची बोटं बधिर केली. कपबशी किती तापलीय ते तुम्हाला कळेना, आणि कॉइल सैल येऊ लागल्या. तुम्ही जेवून आडवे झालात की मी तुमची कॉइल उसवायची, पुन्हा गुंडाळायची, होती तिथं ठेवायची. असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी गाठ चुकली. कॉइल बांधायच्या दोऱ्याला तुम्ही साधी गाठ मारून टोकं कापायचात. मी हाताच्या सवयीनं चोळीची गाठ मारून बसले.

तुम्ही उठलात. कॉइल डोळ्यांजवळ नेलीत, गाठ बघितलीत. मी गहू निवडत होते. मला वाटलं आता चिडतील. तुम्ही हळूच विचारलंत,

"मना हात मरी गया का वं?"

मी मान वर केली नाही.

"हाव नाना, मरी गया."

तुम्ही चिंधीची घडी करून फर्म्यावर ठेवलीत. त्यानंतर तारेला हात लावला नाहीत. दिवसभर ओट्यावर बसून असायचात, चहा दिला तर घ्यायचात, नाही दिला तर मागत नव्हतात. थंडी सरायच्या आत गेलात. लोक म्हणाले, साखरेनं गेले. लोकांना काहीतरी म्हणावंच लागतं.

आता माझी बोटं तशी झालीत. धंदा नात बघते, याच खोलीत. मीही दिवसाला एखादी कॉइल करते. ती म्हणते, "आजी, मस्त झाली." काल मी केलेली कॉइल सहज हातात घेतली, तर दोऱ्याला माझी गाठ नव्हती. मी काही विचारलं नाही. पोरीला तोंड माझंच मिळालंय, आणि उत्तर मला पाठ आहे.

हे टाकायला पत्ता नाही. वही फळीवर होती तिथं ठेवून देईन. पण एक राहिलं. त्या दुपारची तुमची कॉइल उसवण्याआधी मी दाबून बघितली होती. ती सैल नव्हती, नाना. चांगली होती. तुमच्या अशा चांगल्या मधूनमधून यायच्या. तरी उसवली. मला त्या स्टुलावर बसायचं होतं.