दार शोधायचं नाही

प्रिय ताई,

फोन केला असता तर तू "मी बरी आहे गं" म्हणून ठेवून दिला असतास. तुझं ते "बरी आहे" आता फोनवर वेळ सांगणाऱ्या बाईसारखं झालंय, ना चढ ना उतार. म्हणून कागद घेतला. तू मला मोजपट्टी म्हणतेस ते खोटं नाही; बोलताना मला शब्द सुचत नाहीत, लिहिताना निदान ते तपासून घेता येतात. शेवटपर्यंत वाच. मध्येच आठवण झाल्यासारखं करून कपडे वाळत घालायला उठू नकोस.

आधी बातम्या. कारखाना दुरुस्तीसाठी बंद आहे, म्हणजे आम्ही तपासणीवाले सोडून बाकी सगळे निवांत. वाफेच्या नळ्यांवर लोकरीसारखं जाड वेष्टन असतं आणि त्यावर चकचकीत पत्रा. बाहेरून पाहिलं तर कालच बसवल्यासारखं. आत पाणी मुरलं असेल तर पोलाद गुपचूप गंजत राहतं. आम्ही पत्र्याला छोटी खिडकी पाडतो, यंत्राचं टोक नळीला टेकवतो आणि जाडी किती उरली ते वाचतो. घरी नवऱ्याने स्वयंपाकघर स्वतः रंगवलं. रंग डब्यावर पांढरा होता, भिंतीवर हिरवट निघाला. तो म्हणतो, डोळ्याला सवय होईल. त्याच्या झाली असेल. आई गुडघ्याला शिव्या घालत जिना चढते, लिफ्ट चालू असली तरी, आणि वर पोचल्यावर आपल्यालाच ऐकवते की माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी चर्चमध्ये त्या नव्या बाळाला देवाच्या हाती सोपवायचा समर्पणविधी झाला. उपासना संपायच्या आधी त्याची आई त्याला घेऊन बाकांमधून फिरत होती, प्रत्येक जण गालाला हात लावत होता. ती तुझ्यापाशी आली, बाळ पुढे केलं, आणि तू दोन्ही हात पाठीमागे नेलेस. हसलीस, पण हात मागेच. ती गोंधळली आणि पुढच्या बाकाकडे वळली. मी तुझ्या मागेच बसले होते, त्यामुळे तुझी बोटं मला दिसत होती. नंतर प्रभूभोजनाचं, भाकरीच्या तुकड्यांचं ताट आलं, ते तू काही न घेताच भावोजींकडे सरकवलंस. इतक्या सफाईने, की हे पहिल्यांदा होत नाहीये हे मला कळलं. तुझा रविवारचा मुलांचा वर्ग आता खजिनदारकाका घेतात. मुलं गाणी म्हणतात, पण पाढे म्हटल्यासारखी. बाहेर फाटकापाशी मी भावोजींना गाठलं. ते बराच वेळ खिसे चाचपत किल्ली शोधत राहिले, किल्ली हातातच होती. मग म्हणाले, "ती म्हणते, माझ्यात काहीतरी आहे. ते दुसऱ्याच्या लेकराला लागायला नको."

ताई, हे वाक्य तुझं नाही. ते तुझ्या घरात आणून ठेवलं गेलं, आणि तेव्हा मी तिथे चहा करत होते.

तुझं बाळ पोटातच गेलं, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. पहारा आला होता. आपल्या मंडळीतल्या या प्रार्थनागटाने स्वतःला हे नाव दिलं तेव्हा मला ते आवडलं होतं. कुणीतरी जागं असावं, हे बरंच आहे. मी न्यायाने बोलते. पहारा चालवणाऱ्या काकूंनी तुझे केस धुतले, तुझ्या दुधाने भिजलेल्या चादरी बदलल्या, एक शब्द न बोलता. ते मी विसरणार नाही. पण ज्या घरावर असं संकट येतं ते घर "बंद करायची" त्यांची पद्धत आहे. प्रत्येक खोलीच्या चौकटीवर हात ठेवायचा, प्रार्थना करायची आणि शत्रू, म्हणजे सैतान, कुठल्या दाराने आत शिरला ते हुडकायचं. त्या दिवशी सगळ्यात आधी ते लाकडी घुबड सापडलं. भावोजींना ऑफिसातून मिळालेलं, निरुपद्रवी, एका डोळ्याचा रंग उडालेलं. खरं सांगू, फ्रिजवरच्या त्या चुंबकाच्या कोंबडीचा चेहरा त्याहून जास्त सैतानी आहे, पण ती वाचली. मग बुद्धिबळाचा पट. काकूंनी गंभीरपणे विचारलं, "यातली काळी मोहरी कोण घेतं?" भावोजी म्हणाले, "जो हरतो तो." मला हसू आलं, म्हणून मी चहाकडे वळले. घुबड गेलं, पट गेला, शेजारणीने बाळासाठी शिवलेली गोधडीही गेली, कारण शेजारणीच्या मनात काय आहे कोण जाणे. तरी काकूंना "शांती" मिळेना. घरात फेकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्या तुझ्याकडे वळल्या. आवाज मऊच होता. "मग तुझ्यातच काही राहिलं असेल, पोरी. आठव."

चहा मी गाळलेला होता. मी कप ट्रेमध्ये मांडले आणि बाहेर आणले. तू कप घेतलास, पण तू खोलीत नव्हतीस. तू आठवायला लागली होतीस.

तेव्हापासून तू आठवतेच आहेस. कॉलेजातला तो मुलगा, आईशी धरलेला अबोला, डोहाळ्यांच्या दिवसांत प्रार्थना न करता झोपून गेलेल्या रात्री, एकदा रागाच्या भरात "आत्ता मूल नकोच होतं" असं म्हणाली होतीस ते. भावोजींनी सगळं सांगितलं. तू प्रत्येक गोष्ट देवापुढे ठेवलीस, रडलीस, क्षमा मागितलीस, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा शोधायला बसलीस. ताई, तू हुशार आहेस, यातली गोम तुला दिसायला हवी होती. देव मला माझी चूक दाखवतो तेव्हा ती नेमकी असते. सकाळी आईला तोडून बोललीस, फोन कर. फोन केला की संपतं. पुन्हा तो विषय निघत नाही. हा दुसरा आवाज नेमकं कधीच बोलत नाही. तो म्हणतो, आठव. काही आठवलं की म्हणतो, हे नव्हे, आणखी खाली बघ. त्याला तुझी क्षमा नकोच आहे, त्याला तू खाली बघत राहायला हवी आहेस. आणि तो इतका चोख आहे की तुझ्याच आवाजात बोलतो, "मी" म्हणून बोलतो, वर प्रार्थनेच्या वेळेलाच बोलतो. कुणाला शंका यावी?

शत्रू नाही असं मी म्हणत नाही. मी तंत्रज्ञ असले म्हणून असल्या गोष्टींना हसते, असा मंडळीत समज आहे, तो चुकीचा आहे. तो आहे. पण तो घुबडात बसून राहत नाही, तेवढा रिकामटेकडा तो नाही. त्या दिवशी तुझ्या घरात हल्ला झालाच, फक्त सगळ्यांचे हात चौकटींवर होते आणि तो मधल्या खोलीत, खुर्चीवर, तुझ्यावर झाला. पहारा जागा होता आणि पाहत होता भलतीकडेच.

हे मी काकूंना तोंडावर सांगितलं. हो, सांगितलं. परवा त्या आमच्याकडे आल्या होत्या, का ते शेवटी सांगते. भिंतीचा रंग बघून म्हणाल्या, "छान, शेवाळी घेतलास." नवरा आत निघून गेला. मग त्यांनी माझा हात धरला. "तुझ्या ताईपासून आत्ता जरा लांब राहा. काही महिनेच. आणि तुझंही घर एकदा बंद करून घेऊ." मी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, घर उघडं राहील. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, तुझ्याच कामासारखं आहे हे. पाणी कुठून शिरलं ते शोधायला नको का?" युक्तिवाद चांगला होता. मी सांगितलं की यंत्र प्रत्येक वेळी टेकवल्यावर वेगळा आकडा दाखवायला लागलं तर आम्ही नळी कापत सुटत नाही. आम्ही यंत्रावर संशय घेतो. आमच्याकडे पोलादाचा एक ठोकळा असतो, त्याची जाडी पक्की माहीत असते. यंत्र आधी त्याला लावून बघतो. तिथेच चुकलं तर नळीबद्दल ते काय म्हणतंय याला काडीची किंमत नाही. माझ्याकडे असं पक्कं एकच आहे, प्रभू कसा वागला ते. मेलेल्या मुलाच्या आईला तो रस्त्यात भेटला तेव्हा त्याने तिला एकही प्रश्न विचारला नाही. आणि जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, तेव्हा त्याने तो प्रश्नच उडवून लावला. "तुमचा 'आठव' यावर लावून बघा, काकू. जुळतो का?"

मला वाटलं होतं त्या आता वचनं ऐकवतील. त्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. कपातला चहा निवला. मग, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "माझा थोरला गेला ना, तेव्हापासून शोधतेय. मला माझं दार अजून सापडलेलं नाही गं."

ताई, मी त्यांच्यावर तयार करून ठेवलेला सगळा राग तिथे बसल्या बसल्या निरुपयोगी झाला. त्या बाईने आयुष्यभर, प्रत्येकाच्या घरात, स्वतःचंच दार शोधलं. तीच जखम, तोच आवाज, आणि त्यालाच त्या प्रार्थना समजत आल्या. त्यांचा थोरला जिवंत असता तर आज भावोजींच्या वयाचा असता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला मिठी मारता येत नाही, तुला माहीतच आहे; मी त्यांच्या पर्सचा बंद नीट केला. पण घर बंद करू दिलं नाही. दया आली म्हणून चुकीचं यंत्र हातात घ्यायचं नसतं.

आता तुझं. काय करायचं ते मी सांगणार आहे, मी धाकटी असले तरी. तो आवाज आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, वादात तो आपल्याहून हुशार आहे. गयावया करायची नाही. नवी कबुली तर मुळीच द्यायची नाही, तू देण्यासारखं सगळं देऊन झालंय आणि ते स्वीकारलंही गेलंय. सरळ म्हणायचं, प्रभूच्या नावाने सांगते, चालता हो. मोठ्याने म्हण, भावोजी दचकले तर दचकू देत. आणि रविवारी ताट आलं की घ्यायचं. लायकी सिद्ध झाली म्हणून नव्हे, भूक आहे म्हणून. मी या वेळी मागे नाही, शेजारी बसेन. ताट पुढे सरकवायला लागलीस तर ते मी तुझ्याच हातात परत देईन, सगळ्यांसमोर. मग बघत बसू दे ज्याला बघायचंय त्याला.

आणि आता काकू का आल्या होत्या ते. मला दिवस गेले आहेत. आईने आनंदाच्या भरात काकूंना सांगून टाकलं, आणि तुला इतक्यात कळू द्यायचं नाही असं दोघींनी परस्पर ठरवलं. मला ते मान्य नाही. हे वाचून तुला दुखेल, मला माहीत आहे. कागद फेकलास तरी चालेल, पण नंतर उचल, कारण पुढचं महत्त्वाचं आहे. हे सगळं मी तुला सोडवायला म्हणून लिहिलेलं नाही. काकू गेल्यावर मी दार लावलं, वळले, आणि भिंतीवरच्या त्या साध्या कॅलेंडरकडे पाहून माझ्या मनात आलं, यात काही नसेल ना? मग नवऱ्याचा एक जुना मित्र आठवला, मग माझं एक बोलणं, मग आणखी एक. मी, ताई. मोजपट्टी. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. तो आवाज अगदी माझाच होता. ही जमीन तू पायाखालून ओळखतेस, माझ्या ओळखीत दुसरं कुणी ओळखत नाही. बुधवारी सकाळी पहिली सोनोग्राफी आहे. तेच हॉस्पिटल, तोच वरचा मजला, तुला ठाऊक असलेली ती खोली. मी तुला तिथे बोलावते आहे, आणि हे किती मोठं मागणं आहे ते मला कळतं. नवरा बाहेर थांबेल, मी त्याला सांगितलंय. तू आत ये आणि माझा हात धर, तुझ्या त्याच हातांनी. पडद्यावर काय दिसेल मला माहीत नाही. पण काहीही दिसलं, ताई, काहीही, तरी तिथून बाहेर पडल्यावर आपण दोघींपैकी कुणीही दार शोधायचं नाही.

बुधवारची वाट बघणारी, घाबरलेली आणि तरीही मागे न हटणारी,
तुझीच
मोजपट्टी