कापूस हलतो का

आई, आज सकाळी उठले तर समोरची इमारत जागेवर नव्हती. दिल्लीला नातवाकडं येऊन मला हा तिसरा हिवाळा. धूर काही नवा नाही, पण इमारतच्या इमारत गिळलेली आज पहिल्यांदा पाहिली. नातसून म्हणाली, "आजी, खिडकी उघडू नका हं, आज कुणीच बाहेर पडायचं नाही," आणि तिनं बाळाच्या नाकातोंडावर वाफेच्या यंत्राची वाटी धरली. हे बाळ म्हणजे तुझ्या नातीचा नातू. यंत्र घरघरत होतं आणि मी दाराशी उभी राहून त्याच्या उघड्या छातीकडं बघत होते, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का ते. इथं आल्या आल्या मी देवघरातला धूप आणि उदबत्त्या उचलून केरात टाकल्या होत्या. सगळे हसले, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाले. तू हसली नसतीस. आजी, तुम्ही एवढ्या का घाबरता, असं विचारणारं इथं कुणी नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

आपलं गाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद आणि आपल्या तोंडात धाराशिव. ओढ्याच्या काठानं विटांच्या भट्ट्या होत्या, त्यातली एक अण्णांची. दिवाळी सरली की भट्ट्या लागायच्या आणि पार शिमग्यापर्यंत एकीमागून एक धुमसत राहायच्या. महायुद्धाच्या दिवसांपासून कोळसा मिळत नव्हता. मग पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, भुसा, शेणी, ओलंसुकं जे हाती लागेल ते आत जायचं. उन्हाळ्यात धूर वर निघून जातो, थंडीत तो गावावर बसतो. सकाळी दार उघडलं की अंगणातला रांजण दिसायचा नाही, हाताला लागायचा. दुपारी जरा उजाडल्यासारखं व्हायचं, आणि दिवेलागणीला घरोघर चुली पेटल्या की पुन्हा डोळ्यांना धारा. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी काढताना करडं झालेलं असायचं. तक्रार कुणी करत नव्हतं. अण्णा खोकत खोकत म्हणायचे, "धूर दिसतोय तवर समजायचं, लेकी, चूल बी पेटणार हाय," आणि ते खोटं नव्हतं. त्या धुरावरच मी वाढले, माझं लग्नही त्याच धुरावर झालं.

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा हिवाळा. मी सासरहून, अणदूरहून, पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडं आले होते. वाटा धड राहिल्या नव्हत्या, त्यामुळं मला पोचवून गेलेले तुझे जावई नंतर फिरकू शकले नाहीत. रझाकारांच्या धाकानं खेड्यापाड्यांतली माणसं बैलगाड्या जुंपून गावात येत होती, कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्यात राहत होती, आणि जितकी बिऱ्हाडं तितक्या चुली. धूर दुप्पट झाला. पण त्या वर्षी धुराचं भय नुसतं डोळ्यांना नव्हतं. लांब कुठं काळी रेघ दिसली की बायका हातातलं काम टाकून बघत राहायच्या. भट्टीचा धूर की घरांचा, एवढंच एकमेकींना विचारायच्या. मग पुन्हा कामाला लागायच्या. मी पोटावर हात ठेवून ते ऐकत असे.

लेक झाली ती खालाच्या हातून. खाला म्हणजे मागच्या गल्लीतली दाई. मीसुद्धा तिच्याच हातात जन्मले, आणि माझ्या पाठची दोघंही. खाला मुसलमान, आपण हिंदू, पण बाळंतिणीच्या खोलीत तुम्हा दोघींचा एकच धर्म होता आणि तो म्हणजे शेगडी. झरोक्यात बोळे कोंबायचे, दाराला घोंगडं लावायचं, बाजेखाली निखारे, आणि त्यांवर तुझा ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली, तिचा लोबान. बाळाला न्हाऊ घातलं की त्या धुरावरून उलटंसुलटं फिरवायचं, म्हणजे अंगातली थंडी जाते, वारं बाधत नाही. सव्वा महिना ती शेगडी विझू द्यायची नाही, विझली तर अपशकुन. बाहेर भट्ट्यांचा धूर, आत आपण मुद्दाम केलेला. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

पाचवी पुजली आणि पोर खोकायला लागली. खोकला कसला, मांजराच्या पिलानं शिंकावं तसा आवाज. दोन दिवसांत तिचं पोट श्वासाबरोबर आत ओढलं जायला लागलं. दूध तोंडात घ्यायची आणि सोडून द्यायची. शेजारणी म्हणाल्या, डबा झाला, छाती भरली. डबा झाला म्हटल्यावर धुरी वाढली, दोनदाची चारदा झाली. खाला म्हणाली, "कल तक उतर्या नै तो पेट पे डाग देना पडता," आणि मी पोरीचं पोट पदरानं झाकलं. मला रडायचंही भान नव्हतं. उशाशी वाती वळायला आणलेला कापूस होता. तू चुलीकडं गेलीस की मी त्याचा पुंजका पिंजून पोरीच्या नाकाशी धरायची. तो हलला की माझा श्वास सुटायचा. मग पुन्हा धरायची.

ती सकाळ मला लख्ख आठवते, आत अंधार असून. खालानं निखाऱ्यांवर लोबान टाकलाय. तू पोरीला दोन्ही हातांवर पालथी घेतली आहेस आणि धुरावर नेणार, इतक्यात तिचे ओठ जांभळे झालेले मला दिसतात. मी हात पुढं करते. तू माझ्या तोंडाकडं बघतेस, मग पोरीच्या, मग शेगडीकडं. शेगडीकडं तू फार वेळ बघतेस. पोर माझ्या मांडीवर टाकतेस, कोपऱ्यातली पाण्याची घागर उचलतेस आणि अख्खी शेगडीवर ओततेस. काय तो आवाज, आणि काय ती वाफ.

खाला किंचाळली, "ये क्या करे तुम!"

तू म्हणालीस, "माजी दोन गेली, खाला. दोनी थंडीत. दोनी ह्याच शेगडीपाशी. ही उन्हाळ्यातली, ही तेवढी जगली."

माझ्या पाठच्या त्या दोघांबद्दल तू एवढंच बोललीस, त्याआधी कधी नाही आणि त्यानंतरही नाही. तू झरोक्यातले बोळे ओढून काढलेस. पण झरोक्यातून आलं काय, तर अण्णांच्या भट्टीचा धूर. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे भय उतरलं तसं मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. तू मोठी, तू सगळं निस्तरणारी, आणि तूच घाबरलीस, तर मी कुणाकडं बघायचं?

अण्णा दारात येऊन उभे राहिले. "भट्टी लागलीय," म्हणाले. "आता इझवली तर समदा माल कच्चा. आन माजी एक इझवून काय हुतंय, बाकीच्यांचं काय?"

"तुमी भट्टी सांभाळा," तू म्हणालीस. "म्या हिला आन लेकराला घिऊन वर माळावर जाते."

"सव्वा म्हैन्याच्या आत? आन असल्या दिवसांत गावाभायर? काय झालं मंजी?"

"हितं ऱ्हायलं तर काय हुतंय ते म्या दोनदा बघितलंय."

अण्णा दारातून बाजूला झाले. खाला उठून बुरखा अंगावर घेत म्हणाली, "ऊपर मेरे भाई का मळा है. मैं भी आती. रस्ते में कोई पूछा तो बोलतूं, मेरी बेटी है करके." मघाशी तुझ्यावर किंचाळली होती ती हीच बाई.

आपण निघालो. माझ्या डोक्याला फडकं बांधलेलं, कानांत कापसाचे बोळे, पोर पदराआड पोटाशी. चढ संपता संपता एकाएकी ऊन लागलं. मी मागं वळून पाहिलं तर खाली गावच नव्हतं. दुधावर साय धरावी तसा धूर पसरलेला आणि त्यातून नुसती देवळाची शिखरं आणि एक मिनार वर आलेला. त्याच्याखाली आपण जन्मभर श्वास घेत होतो, हे तेव्हा कळलं. तू म्हणालीस, "बघू नको मागं, चल."

मळा समोर दिसत होता, तेवढ्यात मागच्या गाडीवाटेनं माणसांचा आवाज आला. बरीच माणसं, आणि घोडं. खालानं मला ज्वारीत ढकललं आणि आपण तिघी बसलो. ज्वारी डोक्याच्या वर, तरी मला वाटत होतं आपण उघड्यावरच आहोत. मी देव पाण्यात घालून बसले होते की पोर खोकू नये. आवाज जवळ आले. कुणी हसलं. घोडं फुरफुरलं. पोर खोकली नाही. मग माझ्या ध्यानात आलं की ती काहीच करत नाही. खोकत नाही, कण्हत नाही, हलत नाही. पाच पावलांवर माणसं, आणि मला त्यांचं भय उरलंच नाही. मी कानातला बोळा काढला, पिंजला आणि तिच्या नाकाशी नेला.

तू माझ्या हातावर फटका मारलास. त्या वाटेवरच्यांना ऐकू गेला असता असा. आणि माझ्या कानाला तोंड लावून म्हणालीस, "कापूस मेल्या माणसाच्या नाकाला लावत्यात. जित्याच्या न्हाय. हात लावून बघ, आई हाइस ना तिची?" मी पोरीच्या छातीवर तळवा ठेवला. आधी काही लागेना. मग तळव्याखाली बारीक उचलल्यासारखं झालं, आणि पुन्हा झालं, आधीच्या दिवसांसारखं ओढून काढलेलं नाही, सावकाश. पोर झोपली होती, आई. कितीतरी दिवसांनी तिला नुसती हवा मिळाली होती आणि ती झोपली होती. माणसं निघून गेली. ती कोण होती, रझाकार की त्यांच्या भयानं पळालेली आपल्यासारखीच, हे मला आजवर कळलेलं नाही. खाला तेवढी बराच वेळ माती मुठीत धरून बसली होती.

मळ्यातल्या खोपीत आपण राहिलो ते भट्ट्या निवेपर्यंत. खालाच्या भावजयीनं मला बाजरीची भाकरी आणि भरपूर लसूण घातलेलं पिठलं दिलं, आणि खोपीत विस्तव करू का विचारलं तेव्हा तुम्ही दोघी एका सुरात नको म्हणालात. पोर हळूहळू दूध ओढायला लागली. रोज सकाळी तू खोपीबाहेर उभी राहून चारी दिशांना बघायचीस. खालचा धूर ओळखीचा होता, इतर कुठं दिसतोय का ते तू बघायचीस, आणि दिसला तरी मला सांगायची नाहीस. मला तुझ्या पाठीवरून कळायचं. आगीतून फुफाट्यात आलो की काय, असं मी एकदा म्हटलं, तर तू म्हणालीस, "फुफाट्यात का हुईना, दम तर घेता येतोय."

ती पोर आज आजी झाली आहे आणि माझ्यापेक्षा खणखणीत बोलते. तू मात्र पुन्हा खाली गेलीस. भट्टीला हात लागायचे, अण्णा एकटे, निजाम गेला तरी विटा भाजायच्या थांबल्या नाहीत. दर थंडीत मी लेकीला सासरी ठेवून माहेरी आले की तुझ्या छातीतला आवाज वाढलेला असायचा. "वर मळ्यात जाऊन राहा," असं मी म्हणायची, आणि तू हसायचीस, "म्या काय लेकरू हाय व्हय?" माझ्या लेकीला तू एकही हिवाळा धाराशिवात काढू दिला नाहीस. स्वतःचे सगळे तिथंच काढलेस. मला याचा राग आहे. इतकी वर्षं झाली, तरी आहे.

हे कागद वातींच्या डब्यात ठेवीन, तिथं या घरातलं कुणी हात घालत नाही. बाळ आता झोपलंय. मी तळवा ठेवून पाहिला, तू शिकवलंस तसा. पण एक तुला सांगायचं राहिलंय. तू गेलीस तो पौष होता, सकाळची वेळ, दाराबाहेर तोच धूर. तुला न्हाऊ घातलं आणि बायकांनी माझ्या हातात कापूस दिला, लेक म्हणून मीच तो लावायचा होता. मी लगेच लावला नाही. पिंजला, आणि तुझ्या नाकाशी नुसता धरला. तो हलला. बायका म्हणाल्या, चल पोरी, उशीर होतोय, आणि मी लावला. माझाच श्वास होता तो. वाकले होते मी तुझ्यावर, माझाच असणार. दिवसा मला ते पक्कं ठाऊक असतं.