मांजरांनी पसंत केलेली माशी

हवल्ली, कुवेत

प्रिय मामू,

अस्सलामु अलैकुम. तुमच्या गुडघ्यांना माझा वेगळा सलाम. आता कसे आहेत? जिना चढताना जास्त दुखतात की उतरताना? थंड पाणी लागलं तर? (सहज विचारते.) मामीचा खोकला थांबला असेलच.

घरातली पहिली पदवीधर रफीकशेठच्या गळ-काठ्यांच्या दुकानात काय करते, असं तुम्ही ईदला विचारलंत. तर ऐका. शेठ एप्रिलमध्ये काही गिऱ्हाइकांना काश्मीरला ट्राउट पकडायला नेणार आहेत. त्या नदीत आमिष लावायला बंदी आहे. दोरा आणि कोंबड्याची पिसं घेऊन गळावर खोटी माशी बांधायची, आणि माशाला ती खरी वाटली पाहिजे. माझी बी.एस्सी. प्राणिशास्त्रातली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मामू, ही माशी ज्या किड्यांची नक्कल, त्यांचं आयुष्य वाचून मला रडू आलं. महिनोन् महिने पाण्यातल्या दगडाखाली राहायचं, वसंतात बर्फाचं गढूळ पाणी निवळून दुपारचं ऊन पडलं की सगळ्यांनी मिळून वर यायचं, पंख पसरायचे आणि एक-दोन दिवसांत संपायचं. पंख फुटल्यावर काही खाताच येत नाही. (मामी म्हणेल, पाहुणे असे हवेत.) ते वर आले की ट्राउटही वर येते, म्हणून आमची माशी हुबेहूब त्यांच्यासारखी दिसायला हवी.

दिसत होतीच. पण मासा आधी वासाला येतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून गिऱ्हाइकांना दाखवायच्या दिवशी मी प्रत्येक माशीला तुम्ही पाठवलेल्या सुक्या जवळ्याची पूड चोळली. (शेठना विचारलं नाही. शास्त्रात आधी प्रयोग करायचा असतो.) दुकानामागच्या अंगणात शेठनी दोर भिरकावला आणि माशी हवेत असतानाच हवल्लीतली मांजरं भिंतीवरून उतरली. गळांची टोकं कापलेली होती म्हणून निभावलं. एक बोका माशी तोंडात धरून पळाला, त्याच्यामागे दोर, दोरामागे काठी, काठीमागे शेठ. परत आल्यावर शेठनी उरलेली एक माशी हुंगली आणि विचारलं, "रबिया, ही माशी आहे की सुक्याची चटणी?" वास लावणंही आमिषातच धरतात, हे मला तेव्हा कळलं.

मला वाटलं, नोकरी गेली. पण अबू नासिर नावाचे म्हातारे कुवेती गिऱ्हाईक हसून हसून डोळे पुसत म्हणाले, "ही मुलगी नदीवर येणार असेल तरच मी येतो." शेठ मला न्यायला तयार झाले. मामू, ते किडे पाण्यातून वर येताना मला एकदा डोळ्यांनी पाहायचे आहेत. आजवर त्यांची चित्रं काढून मार्क मिळवले, तेवढीच ओळख. अम्मी मात्र फोनवर एकच धरून बसली आहे, "मामू सोबत असेल तर जा."

तुमची लाडकी (निदान हे पत्र वाचेपर्यंत),
रबिया

ता. क. पाणी गुडघ्यापर्यंतच असतं. रबरी विजार मिळते, तुमचं माप शेठना देऊन ठेवलंय.

ता. क. २ तुम्ही हो म्हणालात, असं मी अम्मीला सांगितलं आहे. तिचा फोन आला की चकित होऊ नका.

ता. क. ३ पकडलेला मासा तिथे परत पाण्यात सोडतात. त्यावरून शेठशी भांडू नका. रात्री भाताबरोबर काहीतरी लागेल, तेव्हा जवळा घेऊन या. नदीपासून लांब ठेवू.