वरच्यानं बांध फोडायचा

सोम. ३ मार्च
रात्री झोप नाही. माझी पोरगी, चिकू, शेजारी शांत झोपलेली. काल संध्याकाळी तिला आंघोळ घालत होते, हे खोलीत सासूबाईंशी फोनवर. स्पीकर चालू. नळ बंद केला तशी ह्यांचं ऐकू आलं. "तिचं तिकीट सिंगल काढलंय. माझं न् चिकूचं रिटर्न."
सासूबाई म्हणल्या, "तिला कळलं?"
"नो. माहेरी जायचं म्हणून हॅपी आहे ती."
मी नळ परत सोडला.

मंगळ. ४
हसून डबा दिला. माझा पासपोर्ट ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत असतो, कायमच. मी ह्यांच्या व्हिसावर, ह्यांच्याशिवाय परत येता येणार नाही. मला म्हसवडला माहेरी सोडून आले की झालं. चिकू इथंच लंडनला, पिनरमधे सासूबाईंकडं. न् हे त्या नदीवर कामाला, दोन वर्षं.

बुध. ५
ती नदी. ह्यांचा अभ्यास तिच्यावरच. चिकू पोटात होती तेव्हा हे रोज सांगायचे. आफ्रिकेतलं वाळवंट, वर्षातनं एकदा पूर येतो. लोक मातीचा बांध घालून पाणी रानात वळवायचे. वरच्या माणसाचं रान भिजलं की त्यानंच स्वतःच्या हातानं बांध फोडायचा, खालच्याला पाणी सोडायचं. बापजाद्यांपासनं तसंच. मी म्हणलं, आमच्याकडं माणगंगेत उन्हाळ्यात झरा उकरतात, उकरणाऱ्यानं दुसऱ्याला नाही म्हणायचं नाही. लई आवडलं ह्यांना. सगळं विचारून घेतलं, आईचा झऱ्यावरचा फोटो पण. तो ऑफिसात पडद्यावर दाखवला.
तेव्हा वाटलं, आपलं पण काहीतरी कामाला आलं.

गुरु. ६
पुढचं पण आठवतंय. साहेब लोकांनी वर पक्कं धरण बांधलं. त्यांच्यामागनं सरकारनं ते अजून उंच केलं. खाली पाणी येईना. मी विचारलेलं, "खालच्यांना आधी सांगितलं नाही?"
"सांगितलं तर ते भांडतात ना. नेक्स्ट इयर सोडू म्हणायचं. लोक वेट करतात. मग आपोआप निघून जातात."
हसत सांगितलं होतं. मी पण हसले.

शनि. ८
भांडी घासताना विचारलं, "अहो, मला परत कधी आणणार?"
"नेक्स्ट मंथ. तू वेट कर ना, मी सॉर्ट करतो."
घासलेली वाटी परत घासायला घेतली.

रवि. ९
खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं. पुण्याच्या आहेत, चिकूला सांभाळतात अधूनमधून. त्यांनी आधी चहा टाकला. मग म्हणल्या, "नद्या सांभाळतो म्हणे. आधी बायको सांभाळ म्हणावं."
मग म्हणल्या, "पोरीचा पासपोर्ट कुठाय?"
"कपाटात."
"मग बसलीस काय? आण."
आणला. त्यांच्या साबुदाण्याच्या डब्यात आहे. माझा मिळाला नाही, बॅग ह्यांच्याजवळ. चुकतंय का माझं? आजवर ह्यांच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावला नव्हता.

मंगळ. ११
विमान उद्या. बॅगा भरल्यात. हे सकाळपासनं चिकूचा पासपोर्ट शोधतायत, कपाटं उपसली. आत्ता विचारलं, "तू बघितलास?" नाही म्हणलं. माझ्याकडं बघत राहिले. आता सासूबाईंना फोन लावलाय, इंग्रजीत चाललंय, हळू. पिनरहून निघाल्यात वाटतं.
चिकूला काकूंकडं खाली पाठवते, वही तिच्या डायपरच्या बॅगेत घालते.
पासपोर्ट मी देणार नाही. मग हे काय करतील माहीत नाही. मला एकटीला बसवतील विमानात, नाहीतर

काकू, किंवा कुणी पण वाचत असाल, म्हसवडला माझ्या दादाला फोन लावा. नंबर मागच्या पानावर आहे. टेम्पोवर असतो, पहिल्यांदा उचलणार नाही, परत लावा. हे त्याला सांगतील, रागावून पोरीला टाकून गेली. त्याला म्हणावं, मी आपणहून कुठं गेले नाही. न् चिकू खाली काकूंकडं आहे. फोन करा त्याला.