माळवदाची माती

पारनेर, ता. ३ एप्रिल १९४६

चि. यज्ञेश्वर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पावसाळ्याआधी माळवदाच्या सपाट छतावर पांढरी माती घालायला दरसाल पाठवतोस ते पाच रुपये पोचले. यंदा मात्र पाचांत भागणार नाही. मधल्या खोलीच्या छताची तुळई खाली वाकली आहे. गहिनीनाथ सुतार म्हणतो, नवी तुळई आणि मजुरी मिळून सव्वादोनशे लागतील. लढाई संपली, पण लाकडाचे भाव काही उतरले नाहीत.

मला प्रश्न निराळाच पडलाय. दादांनी घातलेली तुळई इतकी वर्षं सरळ होती, मग आताच का वाकली? वाळवी म्हणावी तर दाभण टोचून पाहिला, आत जात नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी ताणली, तर मधोमध चार बोटं बाक भरला. गहिनीनाथ म्हणतो, तिचं वय झालं. वय माझंही झालं, पण मी कुठं वाकले आहे?

तुझी पुष्पावती देवाघरी गेल्यापासून लेकीच्या, सुमेधाच्या वेण्या कोण घालतं? कळव.

अक्का

नगर, ता. ८ एप्रिल

ती. गं. भा. अक्का हीस यज्ञेश्वरचे शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चौकसपणाची धास्तीच वाटते. लहानपणी दादांचं घड्याळ उघडून पाहिलंस, ते पुन्हा चाललं नाही. आता तुळईची पाळी.

सव्वादोनशे मला झेपायचे नाहीत. फार तर साठ. त्यापेक्षा घर विकावं हे बरं. तिथलेच एक व्यापारी नऊशे देतात, अक्षय्यतृतीयेला विसार देऊ म्हणतात. तू इकडं राहायला ये. मुलींच्या शाळेतलं शिकवणं सोडताना तुझा जीव तुटेल हे मला कळतं, पण पडक्या छताखाली तुला ठेवू कसा?

सुमेधा स्वतःच वेण्या घालते, वाकड्या. लोभ आहेच, तो वाढवावा.

यज्ञेश्वर

पारनेर, ता. २१ एप्रिल

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद.

विसार घेऊ नकोस. मी शिडी लावून माळवदावर चढले आणि कुदळीनं खणलं. हातभर खोल गेले तरी नुसती माती. कडेला थर स्पष्ट दिसत होते, मोजले तर बारा. दादांना जाऊनही बाराच वर्षं झाली.

बनुबाई मजुरीला आली होती, ती पाहून हसायलाच लागली. म्हणे, बाई, जुनी खरवडल्याबिगर नवी घालत न्हाईत, तुमच्या वडलांच्या, दादांच्या वक्ताला माझी सासूच खरवडायला येत हुती. तेव्हा मी सासरी, तू शिकायला नगरला. आपल्या दोघांनाही पत्ता नाही. तू पैसे पाठवत गेलास, मी माती घालत गेले. तुझी माया तुळईला झेपली नाही रे.

चार बायांनी चार दिवस माती उतरवली, त्याचे बारा रुपये झाले. गहिनीनाथनं खाली टेकू दिला, त्याचे पाच. सुतळी पुन्हा ताणली, तर बाक दोन बोटांवर आला आहे. अजून वीस वर्षं भीती नाही, असं गहिनीनाथच म्हणतो. तुझ्या साठांतले त्रेचाळीस वाचले. मला इथंच राहायचं आहे.

अक्का

नगर, ता. २७ एप्रिल

ती. अक्का हीस शि. सा. न. वि. वि.

व्यापाऱ्यांना नकार कळवला.

आता खरं सांगतो. सव्वादोनशे माझ्याजवळ होते. पोस्टात तीनशे आहेत. सुमेधा शाळेतून आली की मी कचेरीतून येईपर्यंत शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून असते. कुणी काही विचारलं तर मान हलवते, बोलत नाही. अकरा वर्षांची पोर दोन वर्षांत हसायची विसरली. तिच्यासाठी तुला ये म्हणायचं धैर्य झालं नाही, कारण मी म्हटलं असतं तर तू शाळा सोडून आली असतीस आणि दोष माझ्या माथी आला असता. तुळईमुळं आली असतीस तर तो तुळईचा झाला असता. मला क्षमा कर.

यज्ञेश्वर

पारनेर, ता. १ मे

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं. तुळईचा बाक मी सुतळीनं मोजत बसले आणि पोरीची चौकशी वेण्यांवर आटोपली. चूक माझीही आहे.

सुमेधाला माझ्याकडं पाठव. आमच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत, आणि शनिवारी तू मोटारीनं येऊ शकशील. पण हुकूम करू नकोस, तिला विचार. ती नाही म्हणाली तर मी येईन. घर आता कुलूप लावून ठेवण्याइतकं धड आहे.

उत्तर उलट टपाली यावं, आणि ते सुमेधानं स्वतः लिहावं. हे आशीर्वाद.

अक्का