गोवरीचा उरलेला तुकडा

बारामती
२१ जून २०२४

प्रिय समिना,
सलाम आणि खूप आशीर्वाद. वि. वि.

आपल्या धाकट्या अय्युबने तू दिलेली गोवरी पोचती केली. किती गं माझी काळजी! इथे फ्लॅटमध्ये लोबान जाळायला गोवरी मिळत नाही. काल गुरुवारी तीच पेटवली. सगळं घर अम्मीच्या घरासारखं दरवळलं. अर्धी पुढच्या गुरुवारसाठी ठेवली आहे.

ट्रॅक्टर लावायला परसात कोबा घातला म्हणे. मग अम्मीचा तो चपटा, आंबट टोमॅटो गेला का गं?

मोठ्या बहिणीवरची तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मुनिरा आपा

कळंब
२५ जून २०२४

मुनिरा आपास,
समिनाचा सलाम. वि. वि.

पत्र वाचलं आन् डोकं धरून बसले. फोनवर ‘जाळू नको’ एवढंच ओरडले, बाकीचं आता लिहिते. आपा, ती गोवरी लोबानाची न्हवती! कोबा घालायच्या आधी त्या टोमॅटोचं शेवटचं फळ बियांसकट शेणात कालवून थापलं होतं. अम्मी बियाणं असंच राखायची. पण तू तवा पुण्याला शिकायला, सिस्टरांच्या होस्टेलात. हितं आता बोटभर माती न्हाय, म्हणून तुझ्या गच्चीवर धाडलं. दुसरं बी कुठंच न्हाय.

आपाला सांगितलं का न्हाय, असं अय्युबला विचारलं, तर म्हणतो, अम्मीच्या लेकीला काय सांगायचं!

उरलेला तुकडा फोडून मातीत घाल. रागावले हाय, पण माझा राग किती टिकतो ते तुला ठावं हाय.

तुझी,
समिना

बारामती
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय समिना,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रंगाच्या बादलीत एकच रोप जगलं, हे तुला फोनवर कळलंच आहे. काठीला अम्मीच्या जुन्या ओढणीच्या चिंधीने बांधलं होतं. काल पहिलं फळ पूर्ण पिकलं. यांनी सकाळीच फर्मावलं, की आज खिम्यात तेच पडू दे. मी म्हटलं, बाजारातून आणा.

मलाही खायचं होतं गं. कापताना बोटाला लागलेला रस तेवढा चाटला. तोच, समिना. तोच आंबटपणा.

बाकी सगळं शेणात कालवून गच्चीच्या भिंतीला दोन गोवऱ्या थापल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाक मुरडलं. मुरडू देत. एक माझी, एक तुझी. वाळली की अय्युबबरोबर पाठवते. त्याला म्हणावं, तोवर एका वाफ्यापुरता कोबा फोड.

आणि गुरुवारी लोबान कोळशावर घाल हो!

माया आहेच, तीही अशीच राखून ठेव.

तुझी,
मुनिरा आपा