गुलाबी बादली

मंगळवार, मार्च सरत आला

आज शाळेच्या परसबागेचा फोटो शाळेच्याच ग्रुपवर टाकायचा होता. पेपर तपासायच्या नादात मी पंधरा दिवस तिकडे फिरकलेच नाही, वाफे पार करपले. घरच्या वांग्यांना मात्र रोज पाणी घातलं. तेवढा वेळ बरा मिळाला! शेवटी घरच्याच वांग्यांचा फोटो शाळेचा म्हणून पाठवला. "वा मॅडम!" म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मी आभारसुद्धा मानले. कसे मानले?

फोटोत कडेला माझी कान तुटलेली गुलाबी बादली आली होती. ती मला दिसलीच नाही.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनताईंना दिसली. संध्याकाळी घरी आल्या, वाफ्यापाशी उभ्या राहून त्या बादलीकडेच बघत होत्या.

"बाई, चार रोपं द्या. शाळेत लावू. भांडे धुतल्याचं पाणी मी टाकत जाईन. मंग फोटो खोटा नाई राह्यणार."

एवढंच बोलल्या. मी मान खाली घालून रोपं मातीसकट उपटली आणि न्यायला बादली पुढे केली.

त्यांनी रोपं पदरात घेतली. "बादली नको, बाई. वाटेत कोणी फोटोतली म्हणून वळखली तर?"